चौथ्या मजल्यावरचं शून्य

सोमवार, ३

पोचलो एकदाचे! ही वही वहिनीने दिली. रोज फोन करून माझं डोकं खाण्यापेक्षा वहीचं खा, म्हणाली. निघताना बजावलं, की दादाला धडधाकट परत आणायचं. तिला सातवा महिना आहे आणि पाळण्याचे स्क्रू तिला एकटीला आवळता येणार नाहीत. मी छातीठोकपणे कबूल केलं. दादाला काय धाड भरलीय? दोन माणसांचं ओझं तो एकटा जिन्यावरून चढवतो.

इमारत सहा मजली. पूर्वी कारखाना होता, आता ऑफिसं आहेत. तळघरात जुना बॉयलर आणि खोलीएवढा पंखा, तो दिवसरात्र सगळ्या मजल्यांवर हवा ढकलत असतो. तिसऱ्या मजल्यावरचे लोक स्वेटर घालून बसतात आणि पाचव्यावरचे घामाने निथळतात. नवी यंत्रं आणि हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट आधीच्या लोकांनी बसवलेत. शेवटचा हात आमचा: दादा झडपा आणि सेन्सर बसवणार, मी त्यांचे आकडे लावणार. म्हणूनच तो मला आकडेबाई म्हणतो.

जुना पंखा सांभाळणाऱ्याला सगळे मामा म्हणतात. कुणाचे मामा, ते विचारलं तर खुद्द मामांनाही सांगता येईना. एकतीस वर्षं ते त्या पंख्यापाशी आहेत. आम्हाला चहा दिला आणि आमच्या खोक्यांकडे असं पाहिलं, की जणू आम्ही त्यांच्या मुलीला मागणी घालायला आलोय.

बुधवार, ५

तिसरा मजला झाला. प्रत्येक खोलीत साबणाच्या वडीएवढी डबी भिंतीवर बसते. माणसांनी सोडलेला श्वास ती ओळखते, त्यावरून आत किती जण आहेत ते काढते आणि तेवढ्यांपुरतीच झडप उघडते. माणसं गेली की झडप बंद. रिकाम्या खोलीला हवा कशाला? आकडा डबीवरही दिसतो आणि खाली पॅनलवरही. आज डबीने चौदा दाखवले. मी मोजले तर तेरा! मी डबीला नावं ठेवत होते, तेवढ्यात चौदावा टेबलाखालून चार्जर घेऊन बाहेर आला. दादा पोट धरून हसला.

जेवल्यावर दादाने नेहमीप्रमाणे जागा मिळेल तिथे ताणून दिली, आज डक्टच्या खोक्यावर. अर्धा तास. एकत्र कामाच्या बारा वर्षांत मी त्याला कधी उठवलेलं नाही. उठवलं की संध्याकाळपर्यंत फुरंगटून बसतो.

शुक्रवार, ७

चौथा मजला रिकामा आणि कुलूपबंद. किल्ली देताना मामांनी फारच आढेवेढे घेतले. आत एक लांबच लांब हॉल, ओळीने टेबलं, खिडक्या कायमच्या बंद केलेल्या. स्वच्छतागृहाचा पंखा याच हॉलमधून हवा ओढतो. त्यामुळे दार चौकटीला घट्ट चिकटून बसतं. आतून बाहेर पडताना दादाला खांदा लावावा लागला.

डबी बसवली, तिने दाखवले एकोणीस. दादा म्हणाला, डबी फुकट गेली. दुसरी लावली. एकोणीस. तिसऱ्या मजल्यावरची चांगली चालणारी काढून आणली. एकोणीस.

मामा दारातच उभे होते. आत पाऊल टाकेनात. म्हणाले, या मजल्याची हवा आहे तशी राहू द्या, मी सुट्टीच्या दिवशीही कधी तोडलेली नाही. दादाने विचारलं, का? त्यांना लागते, एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्यांना कुणाला, हे विचारायचं राहिलंच. दादा दिवसभर 'त्यांना लागते' म्हणून प्रत्येक गोष्ट मागत होता, पाण्याची बाटलीसुद्धा.

सोमवार, १०

इमारतीच्या मॅनेजरबाईंनी सांगितलं, की वीस तारखेला इमारत ताब्यात हवी आणि अहवालात एकही खोट चालणार नाही. म्हणून आमच्या धंद्यात सगळे करतात तेच मी केलं. हॉल डोळ्यांनी पाहिला, रिकामा होता, आणि पॅनलला सांगितलं की आत्ता तुला जे जाणवतंय ते शून्य समज. एकोणीसचं शून्य झालं. वरची झडप मिटल्याचा आवाज खालपर्यंत आला.

जुना पंखाही आज थांबवला. मामा बराच वेळ त्याच्या पत्र्यावर हात ठेवून बसले होते. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मंगळवार, ११

चौथ्यावर आम्ही दोघं गेलो, डबीवर दोन. बाहेर आलो, शून्य. दादाने पाठ थोपटली. मला मात्र आत सारख्या जांभया येत होत्या आणि बाहेर आल्यावर जिना गोल फिरल्यासारखा वाटला.

जेवताना एकदम लक्षात आलं. शून्य मी एकोणीसवर लावलंय. म्हणजे एकोणीसच्या वर जे असतील तेवढेच ती डबी मोजणार. तिने दोन दाखवायला हॉलमध्ये एकवीस जणांचा श्वास हवा.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, मोजणं बंद कर आणि जेव. मी जेवले.

गुरुवार, १३, दुपारी अडीच

दादा सकाळपासून चौथ्यावर डक्टला आवरण गुंडाळतोय. पॅनलवर एक. बरोबर आहे. तरी राहवेना म्हणून वर जाऊन दाराच्या काचेतून पाहून आले. महाराज टेबलावर डोकं ठेवून गाढ झोपलेत, हात खाली लोंबताहेत. पाय न वाजवता परत आले. झोपू दे बिचाऱ्याला. उगाच घाबरते मी.

रविवार, १६

दादा गेला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. छत्तीस वर्षांचा होता. दार उघडायला दोघांना जोर लावावा लागला.

वहिनी रडलीसुद्धा नाही. तिने एवढंच विचारलं, की त्याला शेवटचं कुणी पाहिलं होतं का. मी नाही म्हणाले.

सोमवार, १७

सामान न्यायला आले होते. मामांनी तळघरात बसवून घेतलं आणि सांगितलं. आधी सांगितलं असतं तर! पण एकतीस वर्षांत त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

चौथ्यावर तेव्हा पॅकिंग चालायचं. थंडी कडाक्याची होती. इंधन वाचवा असा वरून हुकूम आला, म्हणून मामांनी त्या मजल्याची बाहेरच्या हवेची झडप मिटली. आत कोळशाची शेगडी पेटलेली होती. दुपारी ते वर गेले, काचेतून पाहिलं. सगळ्यांची डोकी टेबलांवर होती. जेवणाची सुट्टी आहे, डोळा लागला असेल, असं त्यांना वाटलं. ते पाय न वाजवता परत आले.

एकोणीस जण.

तेव्हापासून त्यांनी हवा तोडली नाही. मी तोडली.

मीही पाय वाजवले नव्हते, हे मामांना कोणत्या तोंडाने सांगू?

मंगळवार, १८

चौथ्याला कुलूप आहे. आत कुणी नाही. पॅनलवर एक.

तीनदा पाहिलं. एक. झडप एका माणसापुरती उघडते. एका माणसाच्या हवेत वीस जण. तेव्हाही, दादा जिवंत असतानाही, एवढीच मिळत होती.

मॅनेजरबाईंना दुःख झालंय, त्या तसं म्हणाल्याही. पण रिकाम्या मजल्यावर एक दिसतोय, तो घालवा, म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्याने होणार नाही. पॅनलचा पासवर्ड त्यांनी बदलून टाकला. उद्या अकरा वाजता दुसऱ्या कंपनीचा माणूस येऊन शून्य करणार आहे.

दादाला शून्य करणार.

बुधवार, १९

सव्वादहा. मामांनी किल्ली दिली. हॉलमध्ये शिरून झडपेला मोटरशी जोडणारी खीळ काढायची. खीळ निघाली की झडप उघडीच राहते, मग पॅनल काहीही म्हणो. पाच मिनिटांचं काम. दादाला धडधाकट परत आणू शकले नाही, एवढं तरी करते.

साडेदहा. खीळ हलत नाही. दादाने वर दुसरा नट चढवलाय. नेहमीची सवय त्याची. त्याने आवळलेलं कुणाच्या बापाला सुटत नाही. मोठा पाना खाली —

दार उघडत नाही. खांदा लावला. दोनदा. फोन खाली चार्जिंगला.

हाका मारल्या. आवाजच फुटत नाही. धाप —

डबीवर दोन.

बसले. दाराशेजारी, भिंतीला टेकून. सगळ्या टेबलांपाशी — दिसत काही नाही. ऐकू येतं. सगळे एकदमच श्वास घेतात. माझाही त्यांच्याबरोबरच —

त्यातला एक घोरतोय. मी ओळखते ते घोरणं.

दादा, उठ ना. तेव्हा उठवलं नाही, आता —

पावलं. काच काळी झाली. कुणीतरी पाहतंय. मी काचेच्या खाली आहे, त्याला दिसत नाही — हात वर — जात नाही —

पावलं गेली.

अकरा वाजले असतील. झडप मिटली. ऐकलं मी.

डबीवर शून्य.

वहिनी, त्यांना म्हणावं शून्य करू नका, दोघं आहोत, तो इथे आणि मी अजून आ