टिल्याची वाटी

नगर,
ता. ४ मार्च १९७३

चि. सौ. नीलांबरीस, मार्तंडदादाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र आणि टिल्याचा पिंजरा ओळखीच्या कंडक्टरकडे देत आहे. आमच्या मेहुण्यांना, नृसिंहरावांना, थांब्यावर उतरवून घ्यायला सांगितलेच आहे.

छबूच्या आईला जाऊन पाच महिने झाले. आता मला दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला जामखेडकडे धाडताहेत. पाच वर्षांच्या पोरीला तिथे तंबूत कशी ठेवू? तू तिला मागितलीस, पण तिची बार्शीची मामेमंडळीही पाडव्याला न्यायला येतो म्हणतात. छबूचे म्हणणे एकच. आधी टिल्याला आत्याकडे पाठवा, तो तिथे नीट राहिला तर मी राहीन. हसू नकोस, मी तिला तसा शब्द दिला आहे.

हा पोपट नव्हे. बजरीगर म्हणतात त्याला. मिरची, पेरू अजिबात देऊ नकोस. पुरचुंडीत राळे आहेत, तेच बारीक धान्य तो खातो. पिंजऱ्यातली चिमुकली वाटी भरायची, संपली की पुन्हा भरायची, पाणी रोज बदलायचे. मांजर आणि उन्हाच्या झळा यांपासून जप. बाकी त्याला काही लागत नाही.

सासूबाईंना नमस्कार. पोचल्याचे ताबडतोब कळव.

तुझा,
मार्तंडदादा

•

तिसगाव,
ता. ७ मार्च १९७३

ती. दादास, नीलांबरीचा सा. न. वि. वि.

टिल्या सुखरूप पोचला. थांब्यापासून घरापर्यंत निम्मे गाव पिंजऱ्यामागून आले. नवऱ्या मुलाची वरातसुद्धा इथे एवढी थाटाची निघत नाही! रंग तर असा निळा की माझे नाव खरे त्यालाच शोभावे.

सासूबाईंनी तू नको म्हटलेली मिरची लाडाने पुढे केलीच. त्याने पाठ फिरवली, तेव्हा त्या म्हणाल्या, नगरचा आहे, नखरे असायचेच. खाणे मात्र अगदी बेताचे. रविवारी वाटी भरली ती आज बुधवारीही भरलेलीच आहे. या दुष्काळात असा पाहुणा सगळ्यांना मिळो.

छबूसाठी दोन फ्रॉक बेतले आहेत. नऊ वर्षांत या घरात लहान मापाचे कापड कधी कापले गेले नव्हते. तिला सांग, टिल्या मजेत आहे.

आशीर्वाद असावा.

तुझी,
नीलांबरी

•

तिसगाव,
ता. ९ मार्च १९७३

ती. दादास सा. न. वि. वि.

घाईने लिहिते आहे. टिल्याचे काहीतरी बिनसले आहे. कालपासून अंग फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसतो. ओरडत नाही. वाटी समोर भरलेली आहे, एकदोनदा चोच घालतो आणि बाजूला होतो. कोथिंबिरीची दोन पाने तेवढी कुरतडली. गुरांच्या डॉक्टरांना विचारले, ते म्हणाले, एवढ्याशा जिवाला सुई कुठे टोचू? पिंजरा आतल्या खोलीत नेला, ओले फडके टाकले, आता काय करू ते सुचत नाही.

सासूबाई आज बोलून गेल्या की, जिला पाखरू राखता येत नाही तिने दुसऱ्याची पोर कशाला मागावी. मलाही तेच वाटत होते.

त्याला काय होते आहे, तुला काही ठाऊक असेल तर उलट टपाली कळव. छबूला इतक्यात बोलू नकोस.

तुझी,
नीलांबरी

•

नगर,
ता. ११ मार्च १९७३

चि. सौ. नीलांबरीस आशीर्वाद.

पत्र काल मिळाले. इथे चार महिने पाखराला साधी शिंक आली नाही, तिथे चार दिवसांत हे व्हावे? मिरचीच बाधली असणार. नको म्हणून बजावले होते ना?

छबूला मी काही बोललो नाही, पण माझा चेहरा पाहून ती पानावरून उठली. नीलांबरी, मला राग आला आहे आणि भीतीही वाटते आहे. बार्शीला होकार लिहून पाकिटात घातला आहे. तुझे पुढचे पत्र येईपर्यंत टाकत नाही, पण उशीर लावू नकोस.

मार्तंडदादा

•

तिसगाव,
ता. १२ मार्च १९७३

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझे उत्तर यायच्या आधीच लिहिते आहे. टिल्या जगला.

काल सकाळी शेजारची लंकाबाई चाळणी मागायला आली. शेतातली बाई, आता खडी फोडायला जाते. तिने पिंजऱ्याकडे पाहिले, वाटी काढली, अंगणात नेली आणि फुंकर मारली. सगळी वाटी अंगणात उडाली, तळाला चार दाणे राहिले. म्हणाली, अवो बाई, ह्यो निस्ता कोंडा हाय! पाखरू दाना सोलून खातंय अन् टरफल तितंच टाकतंय. येवढे दिस बघत हुता, बोट न्हाई घातलं व्हय?

दादा, धान्य निवडण्यात माझा हात धरणारे कुणी नाही, असे मीच सांगत फिरते. आणि भरल्या वाटीपुढे मी त्याला उपाशी ठेवले. मिरचीचा काही दोष नाही. ताजे राळे घातले तेव्हा त्याला मान उचलवेना. तळहातावर धरले, तेव्हा एक दाणा सोलला, मग दुसरा. सासूबाई देवघरातून उठून आल्या आणि शेजारी बसून राहिल्या. आज सकाळी तो दांडीवर चढला आणि ओरडला.

सासूबाईंचे म्हणणे, उन्हाने मलूल झाला होता एवढेच लिही. त्यांना आता छबू यायला हवी आहे, म्हणून त्या तसे म्हणतात. मला ते जमायचे नाही. छबूला सारे सांग. आत्याने तुझ्या टिल्याला उपाशी ठेवले होते, हे याच शब्दांत सांग. मग तुम्ही दोघे ठरवाल ते मला मान्य आहे. बार्शीला पाठवलीस तर मी रडेन, पण तुला बोल लावणार नाही.

तुझी,
नीलांबरी

•

नगर,
ता. १५ मार्च १९७३

चि. सौ. नीलांबरीस अनेक आशीर्वाद.

माझे मागचे पत्र फाडून टाक.

तुझे पत्र छबूला वाचून दाखवले, एक शब्द गाळला नाही. कोंड्याचे ऐकून ती म्हणाली की ती रोज सकाळी वाटी फुंकत होती. खरेच आहे. घरभर कचरा करते म्हणून मी तिला त्यावरून दटावायचो. मी स्वतः त्या वाटीला कधी हात लावला नाही आणि तुला मात्र ऐटीत लिहिले की बाकी काही लागत नाही. तेव्हा टिल्या उपाशी राहिला तो माझ्यामुळे.

मग तिने विचारले, टिल्या मेला असता तर ते आत्याने सांगितले असते का? तिची आई गेली तेव्हा आपण मोठ्यांनी महिनाभर तिला आई गावाला गेली आहे असे सांगत ठेवले होते. पोर ते विसरलेली नाही. मी म्हटले, हो, आत्याने सांगितले असते.

ती उठली आणि आपले कपडे पिशवीत भरू लागली.

बार्शीचे पाकीट फाडले. रविवारी सकाळच्या गाडीने दोघे येतो. माझ्यावरचा तुम्हा सर्वांचा लोभ आता तिच्याकडे वळू द्या.

तुझा,
मार्तंडदादा