गुरुवारच्या गाड्या

बुकित पंजांग, सिंगापूर
शुक्रवार, १३ नोव्हेंबर २००९

तीर्थरूप दादास,
सुलूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आणि पार्सल दोन्ही पोचलं. कुरडया इतक्या धड आल्या की मला वहिनीच्या बांधणीचं कौतुक वाटलं. इकडे सर्व ठीक. ह्यांची बँक नेहमीसारखी; घरी येतात ते जेवायला आणि पेपर वाचायला. भाऊबीजेला यंदाही फ्लॅटच्या कॉरिडॉरमध्ये उभी राहून चंद्राला ओवाळलं. शेजारची चिनी आजी दार उघडून बघत होती. "ब्रदर फार अवे, आह?" तिने विचारलं. मी मान डोलावली. तिने आत जाऊन दोन संत्री आणून दिली.

अनीशचं विचारलंस. बरा आहे.

तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. आपल्या लहानपणी डोंगरावर लाल निशाण आठवड्यातून दोनच दिवस चढायचं. त्या दिवशी तोफांचा सराव, म्हणून गुरं गोठ्यात, आणि आपल्याला शाळेला दांडी. आता सिंगापूरची फौज सरावाला आल्यापासून निशाण चार-चार दिवस उतरत नाही म्हणतोस. चराई बंद, शाळेची वाट बंद, पोरं लांबचा वळसा घेतात, म्हैस पान्हा चोरते, माजघराच्या भिंतीला भेग गेली. "आपल्या फौजेचं सोसलं, ती आपली होती. ह्या परक्यांचं कशासाठी? मैत्री दिल्लीने करायची आणि गुरं आम्ही बांधून ठेवायची?" ह्यातला एकही शब्द मला खोटा वाटत नाही. तिथे असते तर पदर खोचून तुझ्या पुढे रस्त्यावर बसले असते.

पण येत्या गुरुवारी, एकोणीस तारखेला, त्यांच्या दर गुरुवारच्या गाड्या खिंडीत अडवणार आणि पोरं दगड घेऊन वर बसणार, हे वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दोनदा फोन केला. दोन्ही वेळा वहिनीने घेतला आणि मी म्हशीची चौकशी करून ठेवून दिला. ती म्हैस कशी आहे हे मला आता तोंडपाठ झालंय.

आता लिहून टाकते.

अनीश हॉस्टेलला नाही. कॉलेजलाही नाही. आम्ही इथे कायमचं राहायचे कागद केले तेव्हाच अट होती, मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याने दोन वर्षं इथल्या फौजेत जायचं. सक्तीच आहे, सुटका नाही. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, पोराला परक्यांच्या हवाली केलंस. ते ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून हॉस्टेल, परीक्षा, सुट्टी नाही, काय तोंडाला येईल ते सांगत राहिले.

पहिल्याच दिवशी त्यांनी त्याचं डोकं भादरलं. पंधरा दिवसांनी घरी आला, दारात टोपी काढली, आणि डाव्या कानामागची ती खूण दिसली. जावळ काढताना तुझ्या मांडीवर उसळला होता आणि वस्तरा लागला होता ना, तीच. त्या न्हाव्यावर तू किती ओरडलास! रक्त थांबेपर्यंत त्याला मांडीवरून खाली ठेवलं नाहीस. आणि दुसऱ्यांदा डोकं भादरलं तेव्हा मामाला पत्ताही नाही. त्याच दिवशी तुला लिहायला हवं होतं. मी भ्याले, दादा.

तो तोफखान्यात आहे. महिनाभर आपल्या गावाजवळ आहे. गुरुवारच्या गाड्यांत असतो.

तू मोठ्या मजेने लिहिलंस, की वहिनीने दारातून शेणाच्या पाण्याची बादली गाडीवर फेकली आणि मागे बसलेला एक सावळा शिपाई नखशिखांत भिजला. वाचून मीही हसले. रविवारी अनीशचा फोन आला. "आई, मामीचा नेम सॉलिड आहे लाह." इथल्या पोरांसारखं 'लाह' लावून हसत होता. मग म्हणाला, "आय वॉन्टेड टू शाउट, मामी! नॉट अलाउड. गावातल्या कोणाशी बोलायचं नाही, ऑर्डर आहे." शेवटी म्हणाला, "मामाला सांगू नको. प्रॉमिस?" मी हो म्हटलं.

ते आज मोडते आहे. हे म्हणतात लिहू नकोस, फौजेतली गोष्ट बाहेर गेली तर पोराला शिक्षा होईल. होऊ दे. शिक्षेने डोकं फुटत नाही.

मला कळतं, मी तुझी पंचाईत केली. तू मागे सरलास तर गाव म्हणेल, भाच्यासाठी फितूर झाला. म्हणून मागे सर असं मी म्हणत नाही. बस रस्त्यावर. गाड्या अडव, साहेबांना खाली उतरायला लाव, निशाणाचा जाब विचार. फक्त वर बसलेल्या पोरांच्या हातातले दगड काढून घे. कारण काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव घेतलंस तरी चालेल, गावाने मला बोल लावला तरी मी इतक्या लांब आहे.

कुरियरवाला म्हणतो बुधवारपर्यंत पोचेल. पोचलं की फोन कर. रागावायचं असेल तर रागावायला कर, पण कर.

अनीश कुठल्या गाडीत असतो ते मी विचारलं होतं. त्याने सांगितलं नाही. तू खूण शोधायला जाशील, पण ती हेल्मेटखाली दिसायची नाही, आणि उन्हाने रापून सगळी पोरं सारखीच दिसतात म्हणे. तेव्हा दादा, प्रत्येक गाडीत तोच बसलाय असं धर.

भाऊबीजेची ओवाळणी राहिली आहे. एवढीच दे.

तुझी,
सुलू