कोपऱ्यातला बल्ब

रत्नागिरी, मंगळवार, १२ मार्च २००२

कोळंबीच्या बीज केंद्रात पिल्लं गोळा करताना इथला कामगार युसुफभाई टाकीतला हवेचा पंप बंद करतो, वर काळं कापड टाकतो आणि एका कोपऱ्यात बल्ब लावतो. सगळी तिकडे धावतात.

आज एवढं करून तो नमाजाला गेला. "मास्तर, धा मिनिटांनी पंप सुरू करा हां."

मी बघतच बसलो. प्रकाशाकडे नेण्याची प्रार्थना तीस वर्षं वर्गात घोकून घेतली, एक पोर हललं नाही. ही मात्र न शिकवता निघालेली! आणि पंप? विसरलो.

तो आला तेव्हा बल्बखाली तळाशी मेलेल्या पिल्लांचा थर होता. ही खेप गेली तर मालक टाकी बंद करणार, हे मला ठाऊक होतं. युसुफभाई ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पुढल्या खेपेला नमाज मागाहून पढेन," एवढंच म्हणाला आणि बल्ब विझवला.