यंदाही पाट आतच मांडा

पोंभुर्णा,
नोव्हेंबर १९८६

प्रिय रंभा,

तुम्ही चंद्रपूरला राहायला गेल्यावरचं तुझं पहिलं कार्ड मिळालं. रविवारी चंद्रपुरात निवड चाचणी आहे, त्याआधी दोन दिवस ये, माझ्यासोबत सराव कर, शनिवारी आमच्याकडेच जेव, आई बोलावते, असं लिहिलंस. वर हेही लिहिलंस की तू आता वरच्या वजनगटात नाव टाकलंस, तेव्हा आपल्यात भांडणच उरलं नाही. वा गं वा! म्हणजे भांडण होतं हे तुला ठाऊक आहे तर.

वामनराव सरांनी शाळेमागे भाताच्या तणसाची पोती अंथरून, वर ताडपत्री ताणून केलेली आपली मॅट आठवते? तुझा जूडोचा कोट नागपूरहून आलेला, माझा तंबूच्या कापडाचा. मान सोलून निघायची. त्या मॅटवर तू रोज मला वाकून नमस्कार करायचीस, कारण जूडोत लढतीआधी वाकावंच लागतं. माझी कॉलर धरायचीस, माझा घाम तुझ्या तोंडाला लागायचा, तेव्हा कुणी बाटत नव्हतं. अन् तुझ्या घरी आले की तुझी आई, गिरजाबाई, मला ओसरीवर बसवून ओंजळीत वरून पाणी ओतायच्या. आम्ही बौद्ध, तुम्ही पाटील. मी मुकाट प्यायची. तू माझी मैत्रीण होतीस ना!

मागच्या वर्षी आपल्या दोघींचा गट एकच होता, अन् कुमारांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला त्या गटातून जागाही एकच. तू मला एकदाही पाडलं नव्हतंस. चाचणीच्या आदल्या दिवशी तू सहज विचारावं तसं विचारलंस, तुझं वजन किती भरलं गं? मी खुळी सांगून बसले. बरोबर काट्यावर आहे, उद्या सकाळी मोजेपर्यंत पाणीसुद्धा घोट घोट पिणार.

त्याच संध्याकाळी तुझ्या आईनं मला पहिल्यांदा स्वयंपाकघरात बोलावलं. पाट मांडला, पितळेचं ताट वाढलं. ये ना वं बाई, आपल्या घरी काऊन लाजून राह्यली, म्हणाल्या. रंभा, वजन माझ्या डोक्यात होतं. पण ज्या घरानं कधी ओसरी ओलांडू दिली नाही, त्यानं आत बसवलं, अन् मी नको म्हणायचं? मी पाटावर बसले. पुरणपोळी, तिच्यावर तुपाची धार, वडे, कढी. घरी जाऊन माझ्या आईला काय काय सांगू, हेच मनात घोळवत मी जेवत गेले. तू मात्र पोट दुखते म्हणून ताटावरून उठलीस. सकाळी काटा अर्धा किलो पुढे. स्वेटर घालून मैदानाला चकरा मारल्या, थुंकून थुंकून तोंड कोरडं पडलं, वजन काही उतरलं नाही. माझं नाव कापलं. माझ्यानंतर तू काट्यावर चढलीस अन् माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

तरी मी मनाची समजूत घातली. बिचाऱ्या माउलीनं प्रेमानं जेऊ घातलं, तिला काय ठाऊक वजनाचं! तू विमानातून परत आलीस तेव्हा भेटायलाही आले. भिंतीवर तुझा पेपरातला फोटो लावला होता. गिरजाबाईंनी मला ओसरीवर बसवलं अन् वरून पाणी ओतलं. तेव्हा कळलं, तो पाट एका संध्याकाळपुरताच होता. अन् तू माझ्यासाठी परदेशातून आणलंस काय, तर साबणाची वडी! साबणच सापडला काय वं तुले? रागात माझी शाळेची भाषा सुटते, सुटू दे. मले तं वाटलं, तुमच्या घरावर गोटे मारावे. मारले नाई. गोट्यानं काय होते?

त्यापेक्षा मी वर्षभर जेवले. एवढं काऊन खाते वं पोरी, म्हणत आई वाढत राहिली. भात, वरण, तलावातली मासोळी. अन् शेतात धानाचे भारे उचलून उचलून त्याचं बळ केलं. हे पत्र त्यासाठीच लिहितेय. सरांनी माझंही नाव वरच्याच गटात टाकलं आहे. जागा यंदाही एकच, अन् पुढच्या वर्षी आपल्या दोघींचंही वय निघून जातं. मी सरावाला येणार नाही, पण शनिवारी जेवायला नक्की येईन. आता बोलावणं मागे घेऊ नकोस. गिरजाबाईंना सांग, पाट आतच मांडा अन् तुपाला हात आखडू नका. काट्यावर माझ्याकडे अजून किलोभर जागा आहे, मी पोटभर जेवणार. तू माझ्या शेजारीच बस, यंदा पोट दुखलेलं चालणार नाही. तुझं वजन किती भरलं ते मी विचारत नाही, मला त्याची गरज नाही. रविवारी फक्त आईला मॅटजवळ बसव. तू वाकून मला नमस्कार करशील, मी तुला करेन, अन् मग तिच्यासमोर मी तुला आपटेन.

तुझ्याच गटातली,
सत्यशीला