दोन ठोके, मग एक

३ जून, सोमवार

आजपासून मी विज्ञानाची सेवा करणार. वीस वर्षं वर्तमानपत्रातून लोकांना टोमणे मारले. शेवटी वर्तमानपत्रानेच मला टोमणा मारला आणि बंद पडलं. मग ही जागा मिळाली. पाटीवर 'भाषा-सल्लागार' लिहिलंय. काम इतकंच, की इथले शास्त्रज्ञ जे लिहितात ते माणसांना कळेल असं करायचं. पहिल्याच कागदावर सत्तावन्न शब्दांचं वाक्य निघालं. क्रियापद अगदी शेवटी सापडलं, तेही निपचित.

खोली छान आहे. खिडकी उघडते, खुर्ची फिरते, टेबलाला तीन खण आणि किल्ली एकाचीच. खिडकीसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे हॉस्पिटल. मी टेबल फिरवून त्या बाजूला पाठ करून घेतली. शिपाई म्हणाला की बाई, उजेड मागून येईल, कागदावर तुमचीच सावली पडेल. म्हटलं, पडू दे, माझं बहुतेक लिखाण तसंच झालंय.

विभागप्रमुखांना सगळे सर म्हणतात. मी मनात टक्केवारी म्हणते. तुमच्या येण्याने मला ऐंशी टक्के आनंद झालाय, असं त्यांनी सांगितलं. उरलेल्या वीस टक्क्यांना काय झालंय, ते विचारायचं राहिलं.

६ जून, गुरुवार

प्रयोगशाळा पाहिली. दाखवणाऱ्या बाई इथे अठरा वर्षं आहेत. उबदार कपाटाची किल्ली त्यांच्याकडे, म्हणून त्या कपाटताई. कपाट माणसाच्या अंगाइतकं गरम ठेवतात. आत फळ्यांवर काचेच्या बश्या, बश्यांत गुलाबी पाणी आणि पाण्यात माणसांची हृदयं. म्हणजे तुकडे. एखाद्याच्या कातडीचा कण घ्यायचा, त्यातल्या पेशींना चुचकारून पुन्हा बाळपणात न्यायचं आणि मग हृदय व्हायला सांगायचं. शर्टाच्या बटणाएवढा तुकडा तयार होतो आणि आपणहून धडधडायला लागतो. पेशी इतकं ऐकतात. नवऱ्याला मी पंचवीस वर्षं चुचकारतेय, ओला टॉवेल अजून पलंगावरच असतो.

कपाटताई रोज सकाळी ते पाणी बदलतात. त्याला खाऊ देणं म्हणतात. रविवारीही चुकवत नाहीत. पोटची पोरं फोन उचलत नाहीत, ही निदान वाट तरी बघतात, असं त्यांचं म्हणणं.

रोज सकाळी अकराला यातला एक तुकडा मुद्दाम थांबवतात. एक थेंब टाकला की धडधड बंद, पडद्यावरची हिरवी रेघ सपाट. मग नवं औषध घालायचं आणि तो किती सेकंदांत, किती नीट सुरू होतो ते मोजायचं. एकाच नमुन्यावर हे तीनशे बारा वेळा झालंय. सर म्हणाले, यश एक्याण्णव टक्के.

आजार ठोका चुकण्याचा. घराण्यातून खाली उतरतो. नाव मला लिहून घ्यावं लागलं नाही. माझ्या धाकट्या भावाला तोच होता. दोन वर्षांपूर्वी तो गेला, समोरच्याच हॉस्पिटलात.

११ जून, मंगळवार

ऑफिसातून भावजयीकडे गेले. भाची आता चौदाची आहे. बापाचा आजार आणि आत्याची जीभ, दोन्हीकडचं नेमकं नको ते घेतलंय. धावायला बंदी आहे, म्हणून शर्यतीच्या वेळी ती घड्याळ धरून उभी असते आणि हरणाऱ्यांना सल्ले देते.

तिला औषधाबद्दल सांगितलं. तिने विचारलं की आत्या, ते उंदरांवर चालतंय की माणसांवर. म्हटलं, दोघांच्या मधलं काहीतरी आहे. म्हणाली, मग आमच्या गणिताच्या सरांना आधी द्या. भावजय हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा हसताना पाहिलं. मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा हळूच विचारलं, ताई, कधी मिळेल ते?

सरांकडून कळलं होतं तेच सांगितलं. त्याच नमुन्यावर आणखी चाळीस वेळा नीट जमलं, तर हॉस्पिटल पहिल्या दहा रुग्णांना देणार. हॉस्पिटलच्या यादीत भाचीचं नाव सातवं आहे. तिच्याकडे तेवढे दिवस आहेत का, ते भावजय बोटांवर मोजायला लागली.

१८ जून, मंगळवार

संमतिपत्र सोप्या भाषेत लिहायला सांगितलंय. नमुन्यादाखल जुनी पाच-सहा दिली. नावं काळी केलेली, नुसते क्रमांक. तिसरं उघडलं. मधे एक ओळ होती, 'उरलेला नमुना जपुन ठेवण्यात येईल'. त्यातल्या 'पु'चा पेनाने 'पू' केलेला. समासात बारीक अक्षरात लिहिलेलं, 'दीर्घ'.

अक्षर माझं आहे.

तो शेजारच्या खाटेवर श्वासाशी झगडत होता आणि मी शुद्धलेखन तपासत होते. कशावर सही करतेय ते वाचलं नाही. ऱ्हस्व मात्र बरोबर दिसलं. जपून म्हणजे कुठल्याशा फडताळात, चिठ्ठी लावून, असं वाटलं असेल. वाटलं असेल तर.

क्रमांक सतरा. कपाटताईंना विचारलं की सतरा कुठे असतो. त्या म्हणाल्या, अहो, तोच तर आपला अकराचा.

१९ जून, बुधवार

पाहून आले. पडद्यासमोर उभी राहिले. आधी रेघ कशीही वेडीवाकडी चालली होती. मग दोन ठोके पटापट, जरा जागा, मग एक. पुन्हा दोन, जागा, एक.

शाळेत जाताना मी पुढे आणि तो मागे असायचा. हाक मारायला त्याला दम पुरायचा नाही. मग जेवणाच्या डब्यावर वाजवायचा. दोन पटापट, मग एक. म्हणजे, थांब. मी करवादत थांबायची. तो येऊन माझ्या दप्तराचा पट्टा धरायचा.

सरांना विचारलं. ते म्हणाले की आजाराचं लक्षण आहे, शंभर टक्के. मान डोलावली.

२४ जून, सोमवार

कपाटताईंनी मला बाजूला घेतलं आणि आपली वही दाखवली. मी खोलीत असले की सतरा नऊ-दहा सेकंदांत सुरू होतो. नसले की मिनिट उलटतं. आणि ते दोन-एक, दोन-एक फक्त मी असतानाच. एरवी नाही. म्हणाल्या, सरांना सांगू नका, तुमचीही टक्केवारी काढतील.

मग माझ्याकडे बघितलं. मला खुर्ची दिली.

२७ जून, गुरुवार

हे कुणालाच सांगितलेलं नाही. भावजयीलाही नाही. ती तेव्हा पोरीला आणायला घरी गेली होती.

त्याच्या तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले की अजून एक उपाय करून बघता येईल, पण त्रास फार होईल. शुद्धीत आहे, त्यालाच विचारा. मी विचारलं. त्याने खाटेच्या दांडीवर बोटाने वाजवलं. दोन, मग एक.

मी डॉक्टरांना सांगितलं, थांब म्हणतोय.

त्यांनी थांबवलं.

शाळेच्या वाटेवर त्या शब्दाचा एकच अर्थ होता. जाऊ नको, मी येतोय. आयुष्यभर लोकांच्या शब्दांत खोट काढली मी. हा एक शब्द माझ्याच घरातला होता आणि मी तो चुकीचा—

त्याने माझ्याकडे पाहिलं असेल. मी डॉक्टरांकडे बघत होते.

२ जुलै, मंगळवार

नव्या संमतिपत्रात मी लिहिलंय, 'नमुना केव्हाही परत घेता येईल. कारण विचारलं जाणार नाही.' सर खूश आहेत, इतकं सोपं वाक्य इथे कुणी लिहिलं नव्हतं म्हणे.

तोच कागद सतरासाठी भरून पर्समध्ये ठेवलाय. सही केली की तो सुटेल. आज तीनशे तीस झाले. रोज अकराला त्याचं हृदय बंद पाडतात आणि मी भिंतीला टेकून बघते. पंचवीस राहिलेत. पंचविसांनंतर भाची.

आज काचेपाशी वाकून विचारलं. थांबवू का रे?

दोन. मग एक.

पुन्हा विचारलं. थांबू का?

दोन. मग एक.

कसली भाषा आहे ही.

३ जुलै, बुधवार

कागद फाडला. या खेपेला दुसरा अर्थ धरला. देवाने, विज्ञानाने, कुणीही मला चूक ठरवू नये.

१९ जुलै, शुक्रवार

थांबा लांबत चाललाय. मंगळवारी चाळीस सेकंद, काल सत्तर. मी असूनही. आता नुसतं उभं राहून भागत नाही, बोलावं लागतं. त्याच्या लेकीच्या गोष्टी सांगितल्या की ठोका उचलतो. तिचे मार्क, तिचे टोमणे, नव्या चपला. कपाटताई पाठ करून बश्या पुसत राहतात. पुसलेल्याच पुसतात.

माझ्यापाशी गोष्टी कधी संपल्या नव्हत्या. आज संपल्या. दोन मिनिटं रेघ सपाट. मग खोटं सांगितलं, ती काल धावली म्हणून. लगेच ठोका उचलला.

६ ऑगस्ट, मंगळवार

तीनशे पंचावन्न. झाले. शेवटचा एकशे चाळीस सेकंद—

सर म्हणाले, चौऱ्याण्णव टक्के. अहवाल मी लिहिला. 'निष्कर्ष आशादायक आहेत.' पाच वेळा खोडून तेच लिहिलं. भाचीला सोमवारपासून औषध.

कपाटताईंनी सतराला आज नवी बशी दिली. म्हणाल्या, दमलाय, आता कुणी हात लावायचा नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

भाची धावली. खरंच. फाटकापासून पायरीपर्यंत. भावजय फोनवर रडत होती, मागून पोरगी ओरडत होती की आईला सांगा आत्या, मी हरले नाही, एकटीच होते.

धावतच खाली गेले. त्याला सांगितलं. आता खोटं नाही रे, खरं.

दोन. मग एक.

म्हटलं, झालं ना सगळं. आता काय?

दोन. मग एक. दोन. मग—

कपाटताई म्हणतात, आता दिवसभर तेच चाललंय. मी असो, नसो. खाऊ दिला तरी पाणी तसंच गुलाबी राहतं. काही घेत नाही.

२९ ऑगस्ट, गुरुवार

जोरात. बशीतलं पाणी हलतंय. शेजारच्या बश्याही आता तशाच— एकूण एक. दोन-एक, दोन-एक. त्या दुसऱ्यांच्या आहेत, त्यांचा काय संबंध. सर म्हणाले, यंत्रातला दोष. टक्केवारी सांगितली नाही. पहिल्यांदाच.

काहीतरी सांगतोय. थांब कुणाला? मला? औषध थांबव? डॉक्टरांना फोन केला. काय सांगणार होते— बशी म्हणते? ठेवून दिला.

३ सप्टेंबर, मंगळवार

शाळेत पडली. प्रार्थनेच्या रांगेत. समोरच्याच हॉस्पिटलात आणलीय. तोच मजला.

औषध लागू पडलं होतं. पडलं होतं. मी स्वतः लिहिलंय तसं.

४ सप्टेंबर, सकाळ

तिच्या खाटेपाशी बसलेय. वही मांडीवर.

कपाटताईंचा फोन. नऊ चाळीसला सतरा सपाट. थेंब न टाकता. म्हणाल्या, तुम्ही येता का— मग म्हणाल्या, नको, तिथेच बसा. बाकीच्याही एकेक करून—

पोरीच्या तोंडात नळी आहे. डोळे उघडे. शुद्धीत आहे.

डॉक्टर सांगून गेले. अजून एक उपाय आहे. त्रास फार. करायचा की नाही, तिलाच विचारा. भावजय विचारतेय, बाळा, करायचं का? केसांवरून हात फिरवतेय.

बोट हललं. दांडीवर.

हिला कुणी शिकवलं नव्हतं. डब्याची गोष्ट मी हिला कधी—

दोन. मग एक.

भावजय माझ्याकडे बघतेय. म्हणते, ताई, तुम्हाला कळलं ना, सांगा ना काय म्हणतेय ती.

या वेळी तिच्याकडे बघतेय. डोळ्यांत बघतेय. तिथेही तोच शब्द.

डॉक्टर परत आले. पेन काढलंय. माझ्यापाशी एकच शब्द आहे, तो नको. दुसरा शोधतेय, एकच अर्थ असलेला, एकच. डॉक्टर, ती म्हणतेय, ती असं म्हणतेय की