चिमी आता ओरडत नाही

हळर्ण, १२ ऑक्टोबर

प्रिय दत्तू,
अनेक आशीर्वाद.

इथे सगळे बरे. भात कापणीला आलंय. हरमलच्या तुझ्या पर्यटकांच्या खोल्या दिवाळीसाठी भरत आल्या असतील. फोनवर तू मला बोलता बोलता हसवतोस आणि सांगायचं ते राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

चिमी घरी आहे. खाते, पण ओरडत नाही.

"बाय, दोन दिस चिमीक दी गे. पावण्यांचें चेडूं रडटा," असं म्हणालास. पाहुण्यांच्या रडणाऱ्या पोरीला रमवायला दोन दिवस चिमी हवी होती तुला. घरट्यातून पडलेलं ते पोपटाचं पिल्लू मी भिजवलेले चणे भरवून वाढवलं. कधी पिंजऱ्यात घातलं नाही. दिवसभर थव्याबरोबर शेतात, तिन्हीसांजेला आमच्या पडवीवर. तरी दिली. तू मागितलंस आणि मी नाही म्हटलं, असं कधी झालंय?

काल साक्षी शाळेसाठी वाचत होती. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर पूर्वी राखाडी पोपट होते. खलाशी एकाला धरून ओरडायला लावत. बाकीचे त्याला सोडवायला येत आणि तेही हाती लागत. पुढे जंगलंही तुटली. आज तो पोपट जगात कुठेच नाही. "आई, खुळेच ते!" लेक म्हणाली. मी चुलीकडे तोंड फिरवलं.

चिमीला न्यायला परवा मी न कळवता आले, तेव्हा तू बाजारात होतास. खोल्यांमागचा कोंबड्यांचा खुराडा पोपटांनी हिरवागार दिसला. आमच्याच शेतावरचा थवा, दत्तू! पायाला दोरी बांधून चिमीला जाळ्यापाशी ओरडायला लावलंस, हे तुझ्या खोल्या झाडणाऱ्या दिपालीने रडत सांगितलं. पाहुण्यांना फोटोला पोपट हवेत म्हणे. माझ्या चिमीकडून तू हे करवून घेतलंस. मला फार लागलंय.

खुराडा उघडला म्हणून दिपालीला कामावरून काढू नकोस. मी उघडला. काही उडाले. बाकीच्यांचे पंख तू कापले होतेस, ते दार उघडं असूनही बसून राहिले. त्यांना टोपलीत घालून घरी आणलंय. पंख फुटेपर्यंत इथेच राहतील.

भाऊबीजेला येऊ नकोस. पाट मांडणार नाही.

आणि एक कर. फोनवर रडव्या आवाजात "बाय" म्हणून हाक मारू नकोस. मी धावत येईन, आणि ते तुला ठाऊक आहे.

तुझीच,
अनुसया