घडीमागची दाई

शुगर लँड, ८ जून १९८६

प्रिय उत्तरास,
अनेक आशीर्वाद.

आई आणि नीला सुखरूप पोचल्या. इथल्या हॉस्पिटलमधल्या रेसिडेन्सीच्या धबडग्यात तान्ही नीला आईकडे नागपूरला ठेवली, तेव्हा सगळ्यांनी मला शहाणी म्हटलं. आता लेक चुरूचुरू बोलते, पण माझ्याशी नाही. आई तिला रोज माझा फोटो दाखवून सांगायची, की ही तुझी आई, मोठी डॉक्टर आहे. परिणाम असा, की मी जवळ गेले की पोरगी जीभ बाहेर काढून उभी राहते! तुझे भाऊजी हसून लोळतात. मला हसू येत नाही. दिवसभर ती आईचा पदर सोडत नाही.

म्हणून आईला तुझ्याकडे धाडते. ती समोर नसली की नीला आपोआप माझ्याकडे येईल. एकवीस तारखेचं तिकीट बुक केलंय. आईला अजून सांगितलेलं नाही, आणि ती सतत शेजारी, म्हणून फोन न करता लिहितेय. तुझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या फाटक्या कागदांतून सवड काढून एअरपोर्टवर ये. रागाव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
ताई

हर्नडन, १३ जून १९८६

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आईची खोली तयार आहे.

सध्या माझ्या टेबलावर अठराव्या शतकातलं एक फ्रेंच छापचित्र आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून तेव्हा असे घरगुती प्रसंग छापत. चुलीवर भांडं, खाली मांजर. तरुण आई हात पसरून बसली आहे, आणि समोरचं मूल तोंड फिरवून चौकटीबाहेर बघतंय. कोरणाऱ्याची चूक, असं मी टिपणात लिहूनही टाकलं. मग मागचा पुठ्ठा भिजवून सोडवला, तर कागदाची एक कड दुमडून चिकटवलेली निघाली. घडी उलगडली. तिथे एक खेडवळ बाई उभी होती आणि तिचा ॲप्रन मुलाच्या मुठीत होता.

पॅरिसच्या बायका तेव्हा तान्ही मुलं खेड्यातल्या दाईकडे दुधावर ठेवत, मोठी झाली की परत आणत. हा तो परतीचा दिवस. पुढे कुणीतरी फ्रेम करताना दाईला मागे दुमडून टाकलं. मूल तिच्याकडेच बघत राहिलं.

घडीची रेघ जात नाही. कालपासून उठते, बसते, पुन्हा तेच चित्र बघते. दुसरं काम होत नाही.

हा सल्ला नाही. मला कागदातलं कळतं, मुलांमधलं नाही. एअरपोर्टवर यायचं की नाही, तेवढं कळव. आईला नमस्कार, नीलाला पापा. आठवण असू द्यावी.

तुझी,
उत्तरा

शुगर लँड, १८ जून १९८६

प्रिय उत्तरास,
अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस. तिकीट कॅन्सल केलं. आईला सगळं सांगितलं, तर म्हणाली, तिला कळलंच होतं. बॅगही भरून ठेवली होती. मी बसून ती रिकामी केली.

आज नीलानं नेहमीप्रमाणे जीभ काढली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि माझी काढून दाखवली. तिनं अगदी जवळ येऊन निरखून पाहिलं. एका हातात पदर तसाच होता. दुसरा हात माझ्या कपाळावर ठेवला, आणि मागे वळून आईला सांगितलं, की हिला काही झालेलं नाही, हिला इथेच राहू दे.

आहेस तशीच जवळ राहा.

तुझी,
ताई